पुढच्या विमानात कोण बसणार

पैसे मोजून स्वतःला गदागदा हलवून घेण्यात माणसाला काय मिळतं, हे मला आजवर कळलेलं नाही. त्यात हलता हलता शेजाऱ्याला हरवायचंही असतं, हा तर कहरच. परवा माझ्या मावसबहिणीचा मुलगा मला आपल्या मित्रांसोबत रत्नागिरीत नव्याने उघडलेल्या एका खेळघरात घेऊन गेला. डोळ्यांवर झापडं बांधून माणसं खुर्चीत बसली होती. खुर्ची घुसळल्यासारखी हलत होती आणि शेजारी शेजारी बसलेले बापलेक एकमेकांच्या नावाने ओरडत होते. सगळं थांबल्यावर एका चिठ्ठीवर गुण छापून आले. बापाचे जास्त होते. त्याने ती चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली, एखाद्याने दाखला ठेवावा तशी. मी भाच्याच्या आणि त्याच्या मित्रांच्या पिशव्या सांभाळत उभी होते. भाचा म्हणाला, "मावशी, तुझ्या लहानपणी असलं काही नव्हतं ना?" मी म्हटलं, होतं. आमच्या घरातच बांधलं होतं. त्याला ते खरं वाटलं नाही, म्हणून लिहून ठेवते आहे.

आमचं गाव मिरजोळ्याच्या पुढे, रस्ता उतरून आत. घरात माणसं चार आणि एक फोटो. बाबा एसटीत कंडक्टर. सकाळी जाताना चामडी बॅग खांद्याला आणि संध्याकाळी येताना त्याच बॅगेत कुणीतरी दिलेली कोथिंबीर. आई, मी आणि काकी. फोटो अनंतकाकांचा. ते आखातात होते. तिथल्या एका मोठ्या बागेत, जिथे पाळणे आणि चक्रं असतात, तिथे फिटर. लग्न झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी गेले ते दोन वर्षांतून एकदा, महिनाभरासाठी येत. मूलबाळ नव्हतं. गावातल्या बायका पाणवठ्यावर काकीला विचारत, "काय गो, फोटोशी बोलतेस का?" काकी हसायची आणि कळशी उचलायची.

त्यांचा फोन वाण्याच्या दुकानात यायचा, शुक्रवारी दुपारी. काकी त्यासाठी धुतलेली साडी नेसून जाई. मी सोबतीला. दुकानात गुळाच्या ढेपेला मुंग्या लागलेल्या, वाणी हातात तराजू धरून उगाच थांबलेला, बाकावर दोन रिकामटेकडे. त्या सगळ्यांचे कान असे टवकारलेले की, काकी नुसतं "हो", "बरं", "आईंच्या औषधाचं झालं", "ठेवा मग" इतकंच बोलायची. आजी तेव्हा जाऊनही बराच काळ झाला होता. औषध कसलं, तर काहीतरी बोलायला हवं म्हणून. घरी येऊन ती घाईने चुलीपाशी बसायची. मला घर नीट चालवायची हौस फार. डाळतांदळाच्या, धुणंभांड्यांच्या, पावसाळ्याआधी काय काय भरून ठेवायचं त्याच्या याद्या मी करत असे आणि स्वयंपाकघराच्या दाराला खिळ्याने अडकवत असे. काकी त्या याद्या वाचून म्हणायची, "तुझ्या यादीत सगळं असतं गो वंदू, माणूस तेवढा नसतो."

मी बारावीला होते त्या वर्षी काका आले ते वेगळेच आले. सोबत चॉकलेटं आणि अत्तराच्या बाटल्या कमी, आणि दोरीने आवळलेली मोठमोठी खोकी जास्त. ती पडवीत ठेवली तेव्हा आईला वाटलं, फ्रीज आला. आत निघाल्या प्लॅस्टिकच्या बंदुका, काचेचे लाल डोळे आणि वायरींची जाळी. त्यांच्या बागेतलं एक जुनं चक्र मोडीत काढलं होतं, त्याची ही आतडी. काकांनी ती मागून आणली होती. आता हे चक्र ते इथे बांधणार, जत्रांतून फिरवणार आणि परत जाणार नाहीत. हे त्यांनी जेवताना सांगितलं, कुळथाची पिठी भातात कालवता कालवता, जणू उद्या हजामत करून येतो म्हणावं तसं. काकीचा हात वाढता वाढता थांबला. मग तिने त्यांच्या पानात आणखी एक सुका बांगडा ठेवला. भाजलेला बांगडा घरात मोजून असायचा, तो तिच्या वाटचा होता.

ते चक्र काय होतं, ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं समजणार नाही. मधे एक खांब. खांबाला आठ लोखंडी हात, प्रत्येक हाताच्या टोकाला पत्र्याचं विमान. खांब फिरला की विमानं गोल फिरणार. विमानात बसणाऱ्याने दांडा ओढला की हवेच्या दाबाने विमान वर जाणार. नाकावर बंदूक, शेपटावर लाल डोळा. आपल्या बंदुकीचा उजेड पुढच्या विमानाच्या शेपटावरच्या डोळ्याला लागला की पुढच्याची हवा सुटणार आणि तो धप्पकन खाली, विमानाच्या पोटाला बांधलेल्या टायरावर. वर फळ्यावर पाडणाऱ्याच्या नावचा दिवा लागणार. शेवटी ज्याचे दिवे जास्त तो जिंकला. त्याच्यासाठी भोंगा वाजणार. म्हणजे एकाच चाकाला बांधलेली माणसं. कुणी कुणाच्या पुढे जाऊ शकत नाही, कुणी मागे पडू शकत नाही, उतरायचं तिथेच जिथे चढलो. आणि तरी त्यातला एकजण उतरताना कॉलर ताठ करणार.

काकांनी मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत ओळखीच्या वेल्डरच्या गाळ्यात जागा मिळवली आणि ते बांधायला घेतलं. त्या दिवसांचा आवाज माझ्या कानात आहे तो कॉम्प्रेसरचा. दम्याच्या माणसासारखा तो धापा टाकायचा, मधेच भस्स करून हवा सोडायचा आणि पुन्हा सुरू. मी आणि काकी दुपारचा डबा घेऊन चालत जायचो. माघाचे शेवटचे दिवस. वाटेत ओले काजू मिळायचे; काकी गाळ्याबाहेर दगडावर बसून ते सोलायची. चिकाने तिची बोटं काळी पडत, सालं निघत, पण काकांना ओल्या काजूची उसळ आवडायची आणि तिकडे ती मिळत नाही, असं त्यांनी एकदा फोनवर सांगितलं होतं. वाण्याच्या दुकानातून आणलेलं तेवढं एकच खासगी वाक्य असेल तिच्याकडे.

"चालेल का गो हे?" ती मला विचारायची.

"फिरेल," मी म्हणायची. "चालेल की नाही ते लोकांच्या अकलेवर आहे. लोकांना अक्कल असेल तर नाही चालणार."

"मग चालेल," काकी म्हणायची आणि तिला आनंद व्हायचा.

पहिली चाचणी झाली तेव्हा काकांनी मला एका विमानात बसवलं आणि मागच्या विमानात वेल्डर बसला. वेल्डरने मला पाडलं. मी दांडा ओढून वर गेले, त्याने पुन्हा पाडलं. माझ्या पुढचं विमान रिकामं, जमिनीलगत. माझ्या बंदुकीला समोर नुसती हवा. मागे वळून मारायची सोय नाही. खाली उतरल्यावर पाठ चोळत मी म्हटलं, "यात पुढे बसेल तो मार खाणार आणि मागचा फुकट शूर ठरणार. हा खेळ कसला?" काका फळ्यावरचा दिवा पुसत होते. म्हणाले, "तिकडे गोरे लोक रांगा लावतात." मी म्हटलं, मग त्यांनाही अक्कल नसेल. काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. माझं म्हणणं त्यांना अपमानासारखं वाटलं. ते नीट ऐकलं असतं तर पुढचं टळलं असतं.

आमच्याकडे शिमग्याला ग्रामदेवीची पालखी देवळातून निघते आणि गावच्या सहाणेवर, म्हणजे उघड्यावरच्या दगडी ओट्यावर, येऊन बसते. तिथे काही दिवस जत्रा असते आणि रोज संध्याकाळी पालखी गावात फेरीला निघते. सहाणेशेजारचं शेत गावकीचं. तिथे काहीही उभं करायचं तर मानकऱ्यांची परवानगी हवी, आणि मानकऱ्यांची घरं दोन: थोरलं आणि धाकटं. मूळ एकच घराणं, तीन पिढ्यांपूर्वी चूल वेगळी झाली. पालखीचा पहिला खांदा थोरल्या घराचा, दुसरा धाकट्याचा. नारळ आधी थोरल्याचा. देवीपुढे गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे गावाच्या वतीने मागणं मागायचं, ते थोरल्या घरच्या कर्त्याने. धाकटं घर हे सगळं मान्य करत असे आणि दरवर्षी शिमग्याला ते पुन्हा नव्याने अमान्यही करत असे. आजही करतं. गेल्या वर्षी पोलीस आले होते. ज्या माणसांच्या घरातले निम्मे मुलगे मुंबईत कुणाच्या तरी हाताखाली मान खाली घालून राबतात, ती माणसं इथे येऊन मानासाठी डोकी फोडतात.

थोरल्या घरचे नाना तेव्हा सत्तरीचे. धोतर, कोट, टोपी, कमी बोलणं. धाकट्या घरचा बाळकृष्ण, सगळे त्याला बाळूदादा म्हणत, पन्नाशीचा, रेतीचा धंदा, गळ्यात साखळी. दोघांनी परवानगी दिली. त्याबद्दल काकांनी ठरवलं की उद्घाटनाची पहिली फेरी या दोघांची. फक्त दोघांची, मानकऱ्यांच्या बरोबरीने तिसरा कुणी बसणं शोभलं नसतं. आणि कोण कुठे बसणार, याचा तर काकांनी विचारच केला नाही, कारण त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं आमच्या गावातल्या कुणालाच वाटलं नसतं. थोरला पुढे, धाकटा त्याच्या मागे. पालखीला तसं, पंगतीला तसं, मयताला तसं. तसंच इथे.

नाना एक नंबरच्या विमानात बसले. विमानाला झेंडूची माळ. त्यांनी टोपी घट्ट केली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. मागच्या विमानात बाळूदादा. गाव सगळं सहाणेभोवती, ढोल थांबलेले, पोरं झाडांवर. काका टेबलापाशी. काकी नव्या साडीत, तोंडाला पदर लावून माझ्या शेजारी. चक्र फिरायला लागलं. "नाना, दांडा ओढा!" काका ओरडले. नानांनी ओढला. विमान डौलाने वर गेलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मागून बाळूदादाने घोडा दाबला.

भस्स. धप्प. नाना टायरावर.

फळ्यावर बाळूदादाचा दिवा लागला. क्षणभर कुणाला काय झालं कळलं नाही. मग झाडावरून एक पोरगं किंचाळलं, "पाडलान! नानांना पाडलान!" आणि सगळं गाव हसलं. नानांना वाटलं आपलंच काही चुकलं. त्यांनी पुन्हा दांडा ओढला. पुन्हा वर. पुन्हा धप्प. त्यांचं धोतर वाऱ्याने फुगलं, टोपी गेली. बाळूदादाला आता चेव आला होता. काकांनी बटणं दाबून चक्र थांबवलं, पण चाकाला वेग होता. थांबता थांबता आणखी एकदा नाना आपटले. आणि शेवटी, जिंकणाऱ्यासाठी म्हणून, भोंगा वाजला. तो काकांनी आपोआप वाजेल असा बसवला होता. फार अभिमान होता त्यांना त्या भोंग्याचा.

नाना उतरले. टोपी कुणीतरी आणून दिली, ती झटकून त्यांनी डोक्यावर ठेवली आणि घरी गेले. संध्याकाळी पालखीपुढे गाऱ्हाणं घालायला ते आले नाहीत. त्यांच्या घरचं कुणीच आलं नाही. ढोल वाजलेच नाहीत. सहाणेवर पालखी, समोर विझत आलेल्या समया, आणि शेताच्या कोपऱ्यात ते फुलं लावलेलं चक्र.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावकी बसली. बायकांना आत बसता येत नाही, पण देवळाच्या खिडकीपाशी उभं राहायला कुणी अडवत नाही; मी आणि काकी तिथे. बाळूदादाने मांडलेला मुद्दा मी शपथेवर, तसाच्या तसा सांगते. तो म्हणाला, "माणसानं सांगितला तर म्हणाल बाजू घेतलान. यंत्राला बाजू असते काय? सगळ्या गावासमोर देवीच्या दारात कोण वर आणि कोण खाली ता दिसला. औंदा पहिला खांदा आमचा." आणि यावर कुणी हसलं नाही. चांगले जाणते लोक, मिशा असलेले, त्यातले दोन शाळामास्तर, यावर माना डोलवत विचार करायला लागले. एकजण म्हणाला, देवीचीच इच्छा असेल, नाहीतर यंत्र नेमकं औंदाच कसं आलं. दुसरा म्हणाला, पुन्हा खेळवा, तीनदा खेळवा. एखाद्या पत्र्याच्या खेळण्याने न्याय दिला असं मानायला माणसं किती उतावीळ असतात, हे मी त्या खिडकीतून पाहिलं. परवा त्या खेळघरात चिठ्ठी खिशात घालणाऱ्या बापाचं तोंड पाहून मला तीच सभा आठवली.

शेवटी अनंतकाकांना बोलावलं. त्यांच्या हातात देवीपुढचा नारळ दिला. आमच्याकडे नारळ हातात घेऊन खोटं बोलत नाहीत. नाना भिंतीला टेकून बसले होते, डोळे मिटलेले. मास्तरांनी विचारलं, "अनंता, तुझा यंत्र खरा की खोटा?"

खिडकीच्या गजावर काकीचा हात होता. यंत्र खरं म्हटलं तर नानांचा मान गेला, पण चक्राचं नाव दहा गावांत होणार; जिथे देवीचा मान ठरतो, तिथे कोण नाही बसायला येणार? खोटं म्हटलं तर स्वतःच्या तोंडाने धंद्यावर माती. काकी ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होती. देवीला म्हणत होती की काकांना, ते मी विचारलं नाही.

"खरा नाय आणि खोटा पण नाय," काका म्हणाले. "ता खेळणा आहे. मागचा असतो तो पाडतो, पुढचा असतो तो पडतो. पुढच्याला मागं वळून मारता येत नाय. बाळूदादा पुढे असता तर तो आपटला असता. यात जिंकत कोणच नाय. दिवा लागतो एवढाच." मग म्हणाले, "नानांना मी मान म्हणून पुढे बसवला. ती माझी चूक. यंत्राची पण नाय."

नानांनी डोळे उघडले. म्हणाले, "चालू दे तुझा चाक, अनंता. संध्याकाळी येतो गाऱ्हाण्याला." संपलं. बाळूदादा तणतणत निघून गेला. काकीने माझा हात इतका जोरात दाबला की बांगडी रुतली. पालखी निघाली, खांदा ज्याचा त्याने दिला, नानांनी गाऱ्हाणं घातलं आणि त्यात काकांच्या चक्रालाही बरकत मागितली. म्हातारा मोठ्या मनाचा होता. गावात तसा तो एकटाच निघाला.

कारण त्याच संध्याकाळी जत्रा भरली आणि चक्राभोवती हीऽ गर्दी जमली. काका खूश. तिकिटं फाडायला मी. पण चक्र काही फिरेना. का, तर देवळात सांगितलेलं एव्हाना घराघरांत पोचलं होतं. मागचा पाडतो, पुढचा पडतो. आता पुढे बसायला कुणी तयार नाही. काल मानासाठी पुढे बसायला जीव टाकणारं गाव आज मागे बसायला भांडत होतं. भाऊ भावाला सांगतोय तू बस पुढे. सून सासूला म्हणते, "तुम्ही मोठ्या, तुमचा मान पुढे," आणि सासू म्हणते, "कालपर्यंत कुठं गेलता गो मान?" दोन मित्र बसले, तिसरा त्यांच्या मागे बसायला आला तशी मधला उडी मारून उतरला.

काका घसा बसेपर्यंत समजावत होते. "अरे, गोल आहे तो! आठही भरलात तर सगळेच पुढे आणि सगळेच मागे! प्रत्येकाला पाडायला एक आहे, प्रत्येकाला पाडणारा एक आहे!"

"ता तू सांग," एकजण म्हणाला. "माझ्या मागं कोण नको. बस्स."

म्हणजे कुणालाही पाडायला मिळावं, पण आपल्याला कुणी पाडू नये, एवढी साधी मागणी. मी तिकिटांचं पुस्तक घेऊन उभी होते आणि मला, खरं सांगते, आनंद होत होता. मी म्हटलंच होतं. लोक हळूहळू ऊसाच्या रसाकडे वळायला लागले. काका टेबलाला धरून उभे, चेहरा असा की मी आनंद आवरता घेतला. तेवढ्यात माझ्या शेजारून काकी निघाली, पदर कमरेला खोचला आणि एक नंबरच्या विमानात जाऊन बसली.

"मी बसते पुढे," ती म्हणाली. "या कुणाला पाडायचं ते."

पाणवठ्यावर कधी आवाज न चढवणारी बाई. लोक वळले. पहिला आला तो वाणी. दुकानात तराजू धरून तिचे फोन ऐकणारा. तो तिच्या मागच्या विमानात बसला, चक्र फिरलं, काकीने दांडा ओढला, वर गेली, आणि त्याने पाडलं. भस्स, धप्प. लोक हसले. त्याच्यामागून पाणवठ्यावरची एकजण आली, मग तिची जाऊ, मग मास्तर. सगळ्यांना हवं होतं तेच मिळालं होतं: एक पाडणारा आणि समोर एक पडणारी, जी मागे वळून काही करणार नाही. रांग लागली. झाडावरची पोरं मोजायचं सोडून नुसती ओरडत होती, "पाडलान! पाडलान!" मी तिकिटं फाडत होते. माझा हात चालूच होता, कारण रांग वाढत होती, आणि चक्र चाललं तर काका राहणार होते.

एक गोष्ट रांगेतल्या कुणाच्या लक्षात आली नाही. काकांच्या मात्र आली असावी. विमान खाली आपटलं की ते आपोआप वर जात नाही. बसलेल्याने दांडा ओढावा लागतो. काकीने तो ओढला नसता तर खाली सुखाने बसून फेरी संपली असती. पण वर गेल्याशिवाय तिला पाडता येणार नाही, आणि पाडता आलं नाही तर रांगेतला माणूस निघून जाईल. म्हणून ती प्रत्येक वेळी केस मागे सारायची, कोपर चोळायची आणि दांडा ओढायची. स्वतःला पाडण्याजोगी उंच करायची. तिचा चेहरा पांढरा पडला होता, घेरी येत असणार. एकदा आपटल्यावर तिने विमानाच्या कडेला धरून ओकारी गिळली, आणि दांडा ओढला.

काकांनी कॉम्प्रेसर बंद केला.

इतके दिवस तो आवाज इतका सवयीचा झाला होता की तो थांबल्यावर कान दुखले. चाक थांबलं, विमान हळूहळू खाली आलं. काका टेबल सोडून चाकापाशी गेले आणि म्हणाले, "उतर."

काकी विमानातच बसून राहिली. "बंद का केलंत? रांग आहे अजून."

"तुला आपटायला बांधला नाय मी हा. उतर."

"मग परत जाणार का?" ती म्हणाली. सगळ्या गावासमोर. वाणी तिथेच, मास्तर तिथेच, पाणवठा सगळा तिथेच. "हे बंद केलंत तर परत जाणार का, ते सांगा. तर उतरते."

काका तिच्या हाताकडे बघत होते, काजूच्या चिकाने सालं निघालेल्या बोटांनी तिने अजून दांडा धरला होता. "नाय जात," ते म्हणाले. "गेटं बनवीन, ग्रिलं बनवीन. नाय जात कुठं. उतर आता."

ती उतरली. पाय टेकताच तोल गेला तेव्हा काकांनी तिला दंडाला धरलं आणि दोघं त्या गर्दीतून चालत घरी निघाली, चक्र तसंच उघडं टाकून. आमच्या गावात नवराबायको असं हाताला धरून कधी चालत नाहीत. मी त्यांच्या मागे निघणार तेवढ्यात रांगेतल्या पुढच्या माणसाने माझ्या तिकिटांच्या पुस्तकावर टिचकी मारली.

"ता सगळा ठीक आहे गो," तो म्हणाला. "पण माझा नंबर होता. आता पुढे बसणार कोण? तू?"